रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकावा का?

आजचा प्रश्न रूमवर राहणाऱ्या सगळ्यांचाच आहे. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकला तर चालतो का? चालतो. पण तो रात्रभर कुठे होता, ते आधी बघा.

तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी ते सगळे मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. खरी गोम इथेच आहे: उलट्या करणारं हे विष परतून, गरम करूनही जात नाही. भाताला वासही येत नाही, त्यामुळे कळतच नाही.

मग करायचं काय? उरलेला भात ताटात पसरून गार करा, डब्यात भरा आणि 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संपवा. गार भात मोकळा होतो, म्हणून फोडणीचा भात उलट छानच होतो. फक्त वाफा येईपर्यंत गरम करा.

रात्रभर ओट्यावरच राहिला? जिवावर आलं तरी टाकून द्या. आणि आज कुकर लावताना तांदूळ जरा कमी घ्या!