आनंदीबाईंचे कॉलेज

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. कल्याणचा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत गेलेले मूल, नवरा गोपाळरावांचा त्यांना शिकवण्याचा हट्ट आणि मग नवऱ्याशिवाय केलेला समुद्रप्रवास. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीने ही गोष्ट घरोघरी पोचवली. पण ज्या संस्थेने त्यांना डॉक्टर केले, तिला आपण ‘अमेरिकेतले एक कॉलेज’ एवढ्यावर उरकतो. मला हे फार खटकते. १८८३ साली परक्या धर्माच्या, परक्या देशातल्या अठरा वर्षांच्या मुलीला वैद्यकाला प्रवेश मिळाला, तो ज्या दारातून मिळाला ते दार उघडे ठेवण्यासाठी काही बायका तेहतीस वर्षे भांडत होत्या.

११ मार्च १८५० रोजी पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने ‘फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ला सनद दिली. पुढाकार होता फिलाडेल्फिया परिसरातल्या क्वेकर मंडळींचा. क्वेकर हा ख्रिस्ती पंथ. त्यांच्या प्रार्थनासभेत बाईलाही बोलायची मुभा होती, आणि गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत ही माणसे आघाडीवर होती. डॉ. बार्थोलोम्यू फसेल, डॉ. जोसेफ लाँगशोअर यांच्यासारख्या पुरुष डॉक्टरांनी कल्पना उचलून धरली, विल्यम मुलन यांनी कारभार पाहिला. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांना न्यूयॉर्क राज्यातल्या एका कॉलेजातून पदवी मिळून जेमतेम वर्ष झाले होते. त्या कॉलेजात बाई अशा त्या एकट्याच होत्या. फिलाडेल्फियात ऑक्टोबरमध्ये आर्च स्ट्रीटवरच्या जागेत वर्ग सुरू झाले ते चाळीस बायकांना घेऊन.

डिसेंबर १८५१ मध्ये पहिल्या आठ जणींना पदवी मिळाली. शहरातले वैद्यकाचे विद्यार्थी समारंभ उधळणार अशी कुणकुण होती, म्हणून पोलीस बोलवावे लागले. त्या आठ जणींत अ‍ॅन प्रेस्टन होत्या. क्वेकर घरातल्या, तब्येतीने कायम नाजूक, आणि लेखणीने धारदार. पुढची वीस वर्षे या संस्थेची गोष्ट म्हणजे बऱ्याच अंशी प्रेस्टनबाईंचीच गोष्ट आहे.

पदवी मिळाली तरी खरी अडचण तिथून पुढे होती. वैद्यक पुस्तकातून निम्मेच शिकता येते, उरलेले रोग्याच्या खाटेशी उभे राहून शिकावे लागते. आणि शहरातल्या इस्पितळांत या मुलींना पाऊल टाकू दिले जात नव्हते. १८५८ साली फिलाडेल्फिया काउंटी मेडिकल सोसायटीने ठराव केला की या कॉलेजच्या शिक्षकांशी आणि पदवीधरांशी सभासदांनी व्यावसायिक संबंध ठेवू नयेत. म्हणजे अवघड रोगी असला आणि दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला हवा असला, तर या बायकांनी कुणाकडे जायचे? त्यांची धंद्यात कोंडी करण्याचा याहून खात्रीचा मार्ग नव्हता.

प्रेस्टनबाईंनी उत्तर दिले ते खाटा उभ्या करून. बाया गोळा केल्या, वर्गण्या जमवल्या आणि १८६१ मध्ये ‘विमेन्स हॉस्पिटल ऑफ फिलाडेल्फिया’ सुरू केले. हेतू स्पष्ट होता: बायकांवर बायकांनी उपचार करायचे, आणि विद्यार्थिनींना हाताने काम करायला मिळायचे. थोड्याच काळात परिचारिकांचे शिक्षणही तिथे सुरू झाले. एमेलिन हॉर्टन क्लीव्हलंड या पदवीधर बाईंना आधीच पॅरिसला धाडले होते, तिथल्या मोठ्या प्रसूतिगृहात शिकायला. परतल्यावर इस्पितळाची वैद्यकीय जबाबदारी त्यांनी उचलली. इस्पितळ सुरू झाले त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि कॉलेज एक सत्र बंद पडले. पुन्हा उघडले ते या इस्पितळाच्याच खोल्यांत. कॉलेजने इस्पितळ काढले आणि इस्पितळाने कॉलेज जगवले. १८७५ मध्ये क्लीव्हलंडबाईंनी अंडाशयाच्या गाठीची मोठी शस्त्रक्रिया केली. पोट उघडून बाईने शस्त्रक्रिया करणे तेव्हा जवळजवळ न ऐकलेले होते.

१८६७ मध्ये संस्थेचे नाव ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ झाले. प्रेस्टनबाई आदल्याच वर्षी डीन झाल्या होत्या. वैद्यकाच्या कॉलेजची डीन झालेली ही पहिली बाई. मेडिकल सोसायटीने जुना बहिष्कार पुन्हा उगाळला तेव्हा त्यांनी छापील उत्तर दिले. त्यातला मुद्दा आजही खोडता येणार नाही: जिथे बाईला रोगी म्हणून आणणे योग्य ठरते, तिथे तिने डॉक्टर आणि विद्यार्थिनी म्हणून येणेही योग्यच आहे.

याची परीक्षा ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झाली. पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलच्या व्याख्यानांना बसण्याची परवानगी पहिल्यांदाच मिळाली होती, आणि तीसेक विद्यार्थिनी शनिवारच्या तासाला गेल्या. पुरुष विद्यार्थ्यांनी शिट्ट्या मारल्या, कागदाचे गोळे फेकले, तंबाखूच्या पिंका टाकल्या, बाहेर पडताना रस्त्यावर पाठलाग केला. वर शहरातल्या नामांकित प्राध्यापकांनी पत्रक काढले ते मिश्र वर्गांच्या विरोधात. पण वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला आणि पुष्कळ सहानुभूती मुलींच्या बाजूने वळली. त्यांनी तासांना जाणे सोडले नाही. मेडिकल सोसायटीने पहिली बाई सभासद करून घेतली १८८८ मध्ये, बहिष्काराच्या ठरावानंतर तीस वर्षांनी.

आनंदीबाई आल्या तेव्हा डीन होत्या रेचल बॉडली. या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांचे एक काम मला फार मोलाचे वाटते. शिकून बायका घरीच बसतात, हा आक्षेप नेहमीचा. बॉडलीबाईंनी वाद घातला नाही, पदवीधरांना प्रश्नावली पाठवली. १८८१ मध्ये हयात असलेल्या २४४ जणींपैकी १८९ जणींनी उत्तरे दिली, आणि त्यांतल्या १६६ प्रत्यक्ष डॉक्टरकी करत होत्या. आकडे समोर ठेवल्यावर आक्षेपाला जागा उरली नाही.

अशा बाईंच्या हाताखाली आनंदीबाई शिकल्या. साडी नेसून, शाकाहार सांभाळून, थंडीत आजारपणे काढत. १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आहे: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून आनंदीबाईंनी ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली, सनदेला बरोबर छत्तीस वर्षे झाली त्या दिवशी. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. रमाबाईंच्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ला प्रस्तावना लिहिली तीही बॉडलीबाईंनीच. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागावर आनंदीबाईंची नेमणूक झाली, पण काम हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या.

आपली गोष्ट इथे थांबते. कॉलेजची थांबत नाही, आणि मराठी मुलखाशी असलेला संबंधही संपत नाही. गुरुबाई करमरकर १८९२ मध्ये याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या, मुंबईला परतल्या आणि अमेरिकन मराठी मिशनच्या कामात त्यांनी वर्षानुवर्षे बायकामुलांवर उपचार केले. त्यांच्याही आधी इथली १८६९ ची पदवीधर क्लारा स्वेन बरेलीला आली आणि १८७४ मध्ये तिने तिथे बायकांचे इस्पितळ उघडले. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी पहिली स्त्री डॉक्टर सुझन ला फ्लेश हीही इथलीच, १८८९ ची पदवीधर. गुलामगिरी संपल्यावर दोनच वर्षांत, १८६७ मध्ये, रिबेका कोल या कृष्णवर्णीय मुलीला इथे पदवी मिळाली.

पुढे वैद्यकाचे शिक्षण महाग झाले. प्रयोगशाळा हव्या, खाटा हव्या. विमेन्स हॉस्पिटलचा कारभार वेगळा असल्याने कॉलेजने विसाव्या शतकाच्या आरंभी स्वतःचे इस्पितळ काढायला घेतले. वैद्यकीय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने अमेरिकेतली कितीतरी कॉलेजे बंद पाडली. बाकीच्यांनी मुलींना घ्यायला सुरुवात केल्यामुळे बायकांची कॉलेजेही एकेक मिटली, आणि शेवटी हे एकच उरले. ते तगले ते स्वतःच्या इस्पितळामुळे, असे माझे मत आहे. इतर ठिकाणी मुलींना वर्गात जागा मिळे. विभागप्रमुखपद, शस्त्रक्रियेचे टेबल, प्राध्यापकी बायकांच्या हाती सहज येई ती इथेच. १९३० मध्ये ईस्ट फॉल्स भागात कॉलेज आणि इस्पितळ एकाच इमारतीत आले. तिथल्या कॅथरीन मॅकफार्लेन यांनी १९३८ पासून तक्रार नसलेल्या बायकांचीही नियमित तपासणी सुरू केली, गर्भाशयाचा कॅन्सर वेळीच सापडावा म्हणून.

१९७० च्या सुमारास मुलांनाही प्रवेश मिळू लागला आणि नावातले ‘विमेन्स’ गेले. १९९३ मध्ये हानेमान या शहरातल्याच जुन्या कॉलेजशी विलीनीकरण झाले, मालक संस्था १९९८ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि विलीन झालेले कॉलेज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे गेले. ईस्ट फॉल्समधले इस्पितळ २००४ मध्ये बंद झाले.

दप्तर मात्र शाबूत आहे. ड्रेक्सेलच्या संग्रहात विद्यार्थिनींची पत्रे, प्रबंध, फोटो जपले आहेत आणि त्यांतले बरेच इंटरनेटवर पाहता येतात. आनंदीबाईंवर आपण भरपूर लिहिले आणि ते योग्यच झाले. गुरुबाई करमरकरांच्या वाट्याला त्याचा दशांशही आलेला नाही, आणि त्यांनी तर मुंबईत प्रत्यक्ष डॉक्टरकी केली. इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने हे काम हाती घ्यावे. मुंबईतले मिशनचे जुने कागद आणि फिलाडेल्फियाचे हे दप्तर, दोन्हीकडे शोध घेता येईल.