दूरचित्रसंवादाची खोली : ऐकू येणे हीच उपस्थिती

व्हिडिओ कॉन्फरन्स, अर्थात दूरचित्रसंवाद, ही आमच्या सीमाभागात आता नवलाई राहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये कोव्हिडने झालेल्या देशातील पहिल्या मृत्यूची नोंद कलबुर्गीत झाली. त्याच महिन्यात टाळेबंदी आली आणि औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद येथून एके ठिकाणी जमणे अशक्य झाले. तेव्हा नाइलाजाने पत्करलेले साधन पुढे सोयीचे म्हणून टिकले. परंतु दूरच्या गावातील धर्मशिक्षकाला बोलणे नीट ऐकू आले नाही, तर तो संकोचाने मुकाट बसून राहतो आणि त्याच्या मौनाला आपण संमती समजतो. म्हणून खोलीची व साधनांची मांडणी धर्मगुरूंनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

उपस्थिती म्हणजे काय, हा प्रश्न न्यायालयापुढेही आला होता. मुंबईतील एका फौजदारी खटल्यात अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष या मार्गाने घेता येईल काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली निर्णय दिला : साक्ष आरोपीच्या समक्ष व्हावी याचा अर्थ साक्षीदार देहाने त्याच दालनात असावा, असा होत नाही. कलबुर्गीस ज्याचे पीठ आहे त्या कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२० साली दूरचित्रसंवादाचे नियमही केले. तथापि, ज्याला ऐकू येत नाही तो पडद्यावर दिसत असला तरी समक्ष आहे, असे म्हणता येणार नाही.

यास्तव प्रथम आवाजाकडे लक्ष द्यावे. आपल्या सभागृहांत शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि उंच छत असते. अशा कठीण पृष्ठभागांवरून आवाज परततो व मूळ शब्दात मिसळतो. खोलीत बसलेल्यांचे दोन कान त्यातून शब्द वेगळा काढतात. एकट्या मायक्रोफोनला ते साधत नाही. त्यामुळे दोष आपल्या खोलीत असतो, पण त्याचा त्रास पलीकडच्यालाच होतो. उपाय स्वस्त आहेत : मोठ्या सभागृहाऐवजी लहान खोली घ्यावी, सतरंजी अंथरावी, जाड पडदे लावावेत, पंखा मंद करावा.

मायक्रोफोन वक्त्याजवळ असावा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. एका खोलीत एकच मायक्रोफोन व एकच ध्वनिक्षेपक चालू ठेवावा. दोन मोबाइल शेजारी चालू राहिल्यास एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून कर्कश शिट्टी उमटते.

चित्राविषयी थोडक्यात सांगता येईल. वक्त्याच्या पाठीशी खिडकी असू नये, अन्यथा चेहरा काळवंडतो. प्रकाश समोरून यावा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा. स्पष्ट चित्रास सेकंदाला दीड-दोन मेगाबिट लागतात, तर आवाजाचे काम शंभर किलोबिटांच्या आत भागते. म्हणून जोडणी क्षीण झाली की चित्र बंद करून आवाज राखावा. वीज गेल्यावर संगणकाबरोबर राउटरही चालावा, यासाठी तोही इन्व्हर्टरला जोडावा.

शेवटी एक माणूस हवा. न्यायालयीन नियमांत दोन्ही टोकांस समन्वयक असतो, त्याप्रमाणे प्रत्येक केंद्रावर एकाला हे काम सोपवावे. त्याने अर्धा तास आधी पलीकडच्या माणसाशी बोलून आवाज पारखून घ्यावा, कारण आपल्या खोलीची परीक्षा तोच करू शकतो. सभेतही “ऐकू येते ना?” असे सर्वांना मोघम विचारू नये, सर्वांत दूरच्या व्यक्तीस नावाने हाक मारून नुकताच मांडलेला मुद्दा तिच्या शब्दांत सांगावयास सांगावे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल विश्वासाचा संबंध श्रवणाशी जोडतो. ते श्रवण घडावे यासाठी सतरंजी अंथरणे हेही आपल्या सेवेचेच अंग होय, असे आम्हांस वाटते.