चिमुकल्या लेन्सची चाचणी परीक्षा

दोस्तांनो, परीक्षा म्हटलं की पोटात गोळा येतो ना? मग आज जरा उलटं करू या. आज परीक्षा तुमची नाहीच. आज तुम्ही परीक्षक, आणि पेपर सोडवणार आहे एक लेन्स! कॅमेऱ्याची लेन्स. तीही केवढी? मुठीत मावेल एवढी.

त्याचं झालं असं. माझी भाची नववीत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो काढायचं काम बाईंनी तिच्यावर सोपवलं. स्वारी खूश! कॅमेरा माझाच, मिररलेस जातीचा. त्याच्याबरोबर मिळालेली छोटी १६-५० झूम लेन्स त्यावर लावलेली. मेमरी कार्ड आणायला ती बाबांबरोबर दुकानात गेली, तर तिथल्या काकांनी लेन्सकडे बघून नाक मुरडलं. “ही तर कॅमेऱ्याबरोबर येणारी. खेळणं आहे हो! चांगले फोटो हवेत तर ही घ्या,” म्हणून एक भलीमोठी लेन्स समोर ठेवली. तिची किंमत ऐकून आमच्या भाऊजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. “मामा, आपली लेन्स खरंच टाकाऊ आहे का रे?”

मी म्हटलं, “मला माहीत नाही. रविवारी येतो. आपण तपासूनच बघू.”

आधी ओळख करून घेऊ

मिरर म्हणजे आरसा. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्या मध्ये एक तिरका आरसा असायचा. त्याला उघडमीट करायला जागा हवी, म्हणून लेन्स लांब बसवावी लागे. निकॉनच्या जुन्या एफ पद्धतीत लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर होतं ४६.५ मिलिमीटर. पॅनासॉनिकनं २००८ मध्ये आरसा काढून टाकलेला जी-१ हा कॅमेरा आणला, मग इतर कंपन्याही त्या वाटेनं गेल्या. निकॉनच्या झेड पद्धतीत हेच अंतर आहे फक्त १६ मिलिमीटर, सोनीच्या ई पद्धतीत १८. आरशाची अडचण गेली, तशी लेन्स सेन्सरच्या जवळ सरकली आणि बुटकी करता आली. (सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी बसलेली, प्रकाश टिपणारी चकती.)

त्यात आणखी एक युक्ती. काम नसताना ही लेन्स कासवासारखी अंग आत ओढून घेते. ही युक्ती जुनीच बरं का! १९२५ मधल्या पहिल्या लायका कॅमेऱ्याची लेन्ससुद्धा आत ढकलून ठेवता यायची.

सोनीची १६-५० लेन्स २०१२ मध्ये आली. बंद असताना उंची ३० मिलिमीटर, वजन ११६ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन अंड्यांएवढं. निकॉनची १६-५० आली २०१९ मध्ये. ती ३२ मिलिमीटर आणि १३५ ग्रॅम. दोन्हींच्या पोटात नऊ-नऊ भिंगं! आता सोनीचीच मोठी १६-५५ घ्या. तिचं वजन ४९४ ग्रॅम, म्हणजे छोटीच्या चौपटीहून जास्त.

आमच्या घरातली लेन्सही अशीच एक १६-५०. कुठल्या कंपनीची ते जाऊ द्या. परीक्षेत नाव झाकायचं असतं, फक्त बैठक क्रमांक दिसला पाहिजे!

आकडे काय सांगतात?

लेन्सच्या तोंडावर लिहिलेलं असतं १६-५०. हे मिलिमीटर. १६ वर ठेवली तर समोरचं ८३ अंशांच्या आसपास दिसतं, म्हणजे अख्खा वर्ग एका फोटोत. ५० वर ठेवली तर जेमतेम ३२ अंश, म्हणजे पहिल्या बाकावरचे दोघंतिघं. पुढे लिहिलेलं असतं ३.५-५.६. हा प्रकाश आत येण्याच्या भोकाचा हिशेब आहे. लेन्सच्या मिलिमीटरला या आकड्यानं भागा. ५० भागिले ५.६, उत्तर येतं जवळजवळ ९ मिलिमीटर. म्हणजे ५० वर ठेवल्यावर हे भोक जास्तीत जास्त एवढंच उघडतं.

मोठ्या लेन्सवर लिहिलेलं असतं २.८. ५० भागिले २.८, उत्तर सुमारे १८ मिलिमीटर. व्यास दुप्पट, मग क्षेत्रफळ किती पट? बरोबर, चौपट! म्हणजे प्रकाशही चौपट. दुकानातले काका अगदीच खोटं बोलत नव्हते. मोठं भोक हवं तर मोठी काच लागते, आणि मोठी काच म्हणजे जास्त वजन, जास्त पैसे. छोट्या लेन्सनं जागा वाचवली ती प्रकाश सोडून देऊन.

पेपर पहिला : बारीक अक्षरं

रविवारी आम्ही रद्दीतून वर्तमानपत्रं काढली. छोट्या जाहिरातींची पानं, कारण तिथली अक्षरं सर्वांत बारीक. चार जोडपानं भिंतीवर चिकटपट्टीनं लावली. स्टुलावर जाडजूड पुस्तकांचा ढीग, त्यावर कॅमेरा, भिंतीला अगदी समांतर. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावला. १६ वर असताना भिंत एक मीटरवर, आणि तेवढाच भाग ५० वर टिपायला तीन मीटर मागे. प्रत्येक वेळी भोक वेगवेगळं : पूर्ण उघडं, मग ८, मग २२. भाचीनं वहीत तक्ता आखला आणि प्रत्येक फोटोची नोंद केली. नोंद नसेल तर ती चाचणी कसली?

फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. मध्यभागी अक्षरं लख्ख, खोल्या भाड्यानं देणाऱ्यांचे फोन नंबरसुद्धा वाचता आले. कोपऱ्यांत मात्र १६ वर पूर्ण उघडं असताना अक्षरं ओल्या शाईवर बोट फिरवल्यासारखी. ८ वर कोपरे बरेच सुधारले. २२ वर? भोक इतकं लहान झालं की प्रकाश त्याच्या कडेनं पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ होतो. हा निसर्गाचाच नियम आहे. महागड्या लेन्सचीही यातून सुटका नाही.

तेवढ्यात भाची ओरडली, “मामा, उजवा वरचा कोपरा बघ! बाकी तिघांपेक्षा कितीतरी खराब!”

माझ्या पोटात धस्स झालं. एकच कोपरा खराब असेल, तर आतलं एखादं भिंग तिरकं बसलेलं असू शकतं. तो दोष घरी दुरुस्त होत नाही. पण निकाल लावण्यापूर्वी खात्री करायला हवी. भाचीनंच युक्ती काढली. “कॅमेरा उलटा ठेवू या. दोष लेन्सचा असेल तर तोही फिरून डाव्या खालच्या बाजूला जाईल.”

आम्ही कॅमेरा डोक्यावर उभा केला आणि फोटो काढला. खराब जागा भिंतीवर होती तिथेच! म्हणजे आरोपी लेन्स नव्हेच. जवळ जाऊन पाहतो तो काय, त्या कोपऱ्याची चिकटपट्टी सुटलेली आणि पंख्याच्या वाऱ्यानं कागद फडफडत होता. घरातल्या उजेडात शटर बराच वेळ उघडं राहत होतं, तेवढ्यात कागद हलला की अक्षरं पुसट! पंखा बंद केला, कागद नीट चिकटवला, आणि चारही कोपरे सारखे आले.

पेपर दुसरा : सरळ रेषा

खिडकीच्या गजांचा फोटो काढला. गज सरळ. मग कॅमेऱ्यातली ‘सुधारणा’ बंद केली आणि पुन्हा काढला. आता गज पिंपाच्या फळ्यांसारखे बाहेर फुगलेले! म्हणजे लेन्स रेषा वाकवते आणि कॅमेऱ्यातला संगणक त्या ताणून सरळ करतो. भाची म्हणाली, “ही तर कॉपी झाली!” तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, कॉपी नाही, पण किंमत मोजावी लागते. चित्र कोपऱ्यांत जास्त ताणलं जातं, म्हणून तिथला बारकावा आणखी कमी होतो. वाकडेपणा भिंगांनीच घालवायचा तर बहुधा जास्त भिंगं लागली असती आणि लेन्स अशी बुटकी राहिली नसती.

पेपर तिसरा : अंधार

हा खरा कठीण पेपर. रंगीत तालमीला आम्ही शाळेच्या हॉलमध्ये गेलो. भाचीनं शेवटच्या रांगेतून ५० वर झूम करून कोळीनृत्याचे फोटो काढले. पहिले वीसच्या वीस फसले. चेहरे पुसट, हातांच्या जागी नुसते पट्टे.

“पण या लेन्समध्ये थरथर थांबवायची सोय आहे ना?”

आहे. पण ती थांबवते तुझ्या हाताची थरथर, नाचणाऱ्याचे पाय नाही! त्यासाठी शटर झटकन मिटायला हवं, आणि झटकन मिटायचं तर प्रकाश भरपूर हवा. आयएसओ वाढवून कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली, तसे फोटो गोठले खरे, पण रव्यासारखे दाणेदार झाले. इथे मोठ्या लेन्सला पूर्ण गुण, आमच्या लेन्सला काठावर पास. खोटं कशाला बोला?

मग तिनं तक्ता काढला. ५० वर भोक ५.६, पण १६ वर ३.५. या दोघांत प्रकाशाचा फरक अडीचपट! मग झूम न करता जवळ गेलं तर? बाईंची परवानगी काढून ती विंगेत उभी राहिली. शिवाय नाचात एक-एक क्षण असा येतो, की हात वर जातो आणि पळभर थांबतो. नेमकं तेव्हाच बटण दाबायचं. संमेलनाच्या दिवशी तिनं साठ फोटो काढले. त्यांतले अकरा चांगले आले. बाकीचे फसले, हे तिनं बाईंना स्वतःच सांगितलं. शाळेच्या फलकाला आठच हवे होते!

निकाल

शेवटी आम्ही एक गंमत केली. १६ वरचे दोन फोटो, एक पूर्ण उघड्या भोकाचा, एक ८ चा, साध्या पोस्टकार्डाएवढे छापून आणले आणि ताईला विचारलं, “यातला चांगला कुठला?” तिनं दोन्ही उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “दोन्ही सारखेच की रे!” २ कोटी ४० लाख ठिपक्यांचा फोटो पोस्टकार्डाएवढा छापला, की कोपऱ्यातला बराचसा दोष डोळ्यांना दिसतच नाही. भिंतभर फोटो छापायचा असेल तर दिसेल.

भाचीनं वहीत लिहिलेलं प्रगतिपुस्तक असं : उजेडात उत्तम. सहलीला उत्तम, कारण दप्तरात कुठे ठेवली ते कळतही नाही. कोपरे सुधारायला हवेत. अंधारात कच्ची, जवळ जाऊन मदत करावी लागते.

मोठी लेन्स घेतली नाही. पुढे अंधारातले फोटो खूपच काढायचे झाले, तर झूम नसलेली ३५ मिलिमीटरची छोटी १.८ लेन्स घेता येईल. ५.६ पेक्षा तिच्यातून जवळजवळ दहापट प्रकाश येतो. तोवर भाऊजींचा चष्मा सुरक्षित!

तुम्हीही करून बघा

घरात कॅमेरा असेल तर मोठ्यांना विचारून हीच परीक्षा घ्या. मोबाइलच्या कॅमेऱ्याचीही घेता येईल. लेन्स सूर्यावर मात्र कधीही रोखू नका.

आणि आईबाबा, दोन शब्द तुमच्यासाठी. नवी लेन्स आणली, की वॉरंटीच्या मुदतीतच चारही कोपरे तपासा. जुनी घेत असाल, तर उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते, म्हणून लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. आणि कुणी तुमच्या मुलाच्या वस्तूला ‘खेळणं’ म्हटलं, तर पाकीट काढण्यापूर्वी रद्दीतला एक पेपर काढा!