रात्री दहाचा चहा

लातूर-नांदेडच्या शिकवण्यांच्या भागात मध्यरात्रीही खोल्याखोल्यांतून दिवे चालू दिसतात. 'लातूर पॅटर्न'ने सराव परीक्षांची शिस्त राज्याला शिकवली, झोपेची मात्र कोणी शिकवली नाही. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी गाव सोडून आलेलं पोर वेळ काढायला आधी झोपच कापतं.

इथंच घाटा होतो. दिवसा वाचलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात कच्चं नोंदलं जातं. गाढ झोपेत तोच भाग त्या नोंदी पुन्हा पुन्हा उजळवतो आणि मेंदूच्या बाहेरच्या थरात त्या पक्क्या होऊ लागतात. म्हणजे जीवशास्त्राचा धडा वाचून झाला तरी त्याचं निम्मं काम झोपेत व्हायचं असतं.

मग चहा. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साचतं, त्यानं पेंग येते. चहातलं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. थकवा तसाच राहतो, फक्त कळत नाही. निम्मं कॅफीन उतरायला साधारण ५ तास लागतात. दहाचा चहा तीनलाही अंगात असतो!

किशोरवयात झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन मुळातच उशिरा स्रवतं. त्यामुळे उशिरा झोप येणं हा आळस नाही, हे आईबापांनीही ऐकावं. त्यात पहाटेची शिकवणी आली की या वयाला लागणारी ८ ते १० तासांची झोप कुठून मिळणार? सततच्या अपुऱ्या झोपेनं चिडचिड आणि धास्ती वाढते. ती आवरेनाशी झाली, तर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी 'टेली मानस' क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. तिथं मराठीतही बोलता येतं.