दावा आधी वाचतो कोण?

डिचोलीच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान. मेडिक्लेमचे कागद रोज हाताखालून जातात. हल्ली बऱ्याच कंपन्यांत ते आधी संगणक वाचतो. नाव, तारखा, आजाराचा कोड, बिलाची रक्कम जुळवतो, संशय आला की दावा बाजूला काढतो. पेडण्याला दिलेल्या आमच्या आत्याच्या डिस्चार्ज कार्डावर माहेरचं आडनाव, पॉलिसीवर सासरचं. अडकला दावा! आयुष्मान भारत योजनेतही बनावट दावे हुडकायला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरतात, ते बरंच आहे. पण विमा नियामकाच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही. कारणही पॉलिसीतल्या अटीचा हवाला देऊन कळवावं लागतं. नकाराचं पत्र घेऊन कोणी आलं की मी आधी तीच ओळ शोधतो.