बंदुकीचा मोतीबिंदू

ओहायोत लेकाकडे गेलं की दुपारी माझं काय करायचं, हा प्रश्न घरात सगळ्यांनाच पडतो. यंदा तो शेजारच्या गृहस्थांनी सोडवला. वय पंचाहत्तरीपुढचं, उभा जन्म एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेला. त्यांच्या गॅरेजमध्ये दिव्याखाली वीतभराहून थोडी लांब, पाऊण इंच जाडीची पोलादी नळी पडली होती. "बघा," म्हणाले. मी डोळा लावला. समोरचं झाड दुधात बुडवल्यासारखं दिसलं.

"ओळखीचं आहे," मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यात हेच होतं."

ती दुर्बीण रायफलीवरची, टेक्सासातल्या एल पासो गावच्या वीव्हरच्या कारखान्यातली. रायफल स्प्रिंगफील्ड, दुसऱ्या महायुद्धात १९४३-४४ साली रेमिंग्टन कंपनीने अशा सुमारे २८ हजार केल्या. ती युद्धानंतर त्यांच्या वडिलांनी विकत घेतलेली. गंमत अशी की या जातीच्या रायफलीला नेम धरायची नेहमीची माशी बसवलेलीच नव्हती. सारा भरवसा दुर्बिणीवर. दुर्बीण गेली की बंदूक आंधळी.

आणि तिचं काम अजून संपलेलं नव्हतं. ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. तिथे १९०७ पासून नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धा होत आल्या आहेत. २०११ पासून त्यांत जुन्या दुर्बीणवाल्या रायफलींची एक स्पर्धा आली. दोघांची जोडी, एक झाडणारा, दुसरा शेजारी बसून वारा सांगणारा. ३०० आणि ६०० यार्डांवर लक्ष्य वीस सेकंद वर येतं आणि खाली जातं. हे आणि यांचे धाकटे भाऊ, अशी जोडी. भावाची तब्येत ढासळलेली. "यंदाचं शेवटचं" असं त्यांनी कळवलं होतं. नव्या नकलेची दुर्बीण लावायला नियमांत मुभा आहे, मग हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं. उत्तर आलं नाही. प्रश्न बँकवाल्याचा होता, हे माझ्याही लक्षात आलं.

आपल्याकडे पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरते, म्हणून कोणी तो तांदळाच्या डब्यात ठेवतात. इथला आजार वेगळा. पुढचं भिंग एक दिसतं, पण असतात दोन, एक फुगीर, एक खोलगट, वेगवेगळ्या काचांची. एकट्या भिंगातून वस्तूच्या कडेला रंग फुटतात, दोघांनी मिळून ते आवरायचे. ती चिकटवायची कॅनडा बाल्समने, म्हणजे फर नावाच्या झाडाच्या डिंकाने. तो काचेसारखाच प्रकाश वाकवतो, त्यामुळे सांधा दिसत नाही. पण सत्तर-ऐंशी वर्षांत तो पिवळा पडतो, तडकतो, सुटतो. मळ दोन काचांच्या मधे, बाहेरून कितीही पुसा!

भिंग धरून ठेवणारी कडी गंजून बसली होती. तेलाचा थेंब सोडून तीन दिवस वाट पाहिली. ती सुटल्यावर त्यांनी भिंगांच्या कडेवर पेन्सिलीने एक आडवी खूण केली, जोडताना दोन्ही काचा जशा होत्या तशाच बसाव्यात म्हणून. मग पातेल्याच्या तळाशी फडकं, त्यावर भिंग, वर गार पाणी आणि अगदी मंद आच. घाई केली तर काच तडकणार, आणि तसं भिंग पुन्हा मिळणार नाही. पाऊण तास आम्ही दोघे काही न बोलता पातेल्याकडे पाहत बसलो.

त्या शांततेत मनातलं विचारून टाकलं. बंदुकीशी माझा संबंध कॅशजवळच्या गार्डच्या बारा बोअरपुरता. पण ही नळी तर दूरच्या माणसाचा चेहरा जवळ आणून त्याला मारण्यासाठी केलेली. तुम्हाला काही वाटत नाही?

"वडील युद्धावर जाऊन आले. त्यावर ते कधी बोलले नाहीत," ते म्हणाले. "आम्हा भावांना मात्र कागदावर नेम धरायला याच रायफलीवर शिकवलं." आणि चिमटा हातात घेतला.

काचा ओढायच्या नसतात, एकीवरून दुसरी सरकवायची. हात कापत होते, पण काचेला टेकले की स्थिर होत. काचा निवल्यावर अ‍ॅसिटोनने पुसल्या, नव्या चिकटद्रव्याचा एक थेंब टाकला, बुडबुडा हलकेच दाबून कडेबाहेर काढला, पेन्सिलीची खूण जुळवली आणि जांभळ्या दिव्याखाली ठेवलं. हे नवं द्रव्य अतिनील प्रकाशाने घट्ट होतं.

दुसऱ्या दिवशी नळीतून रस्त्यापलीकडच्या टपालपेटीवरचा आकडा मला लख्ख दिसला. आडव्या-उभ्या रेघा मात्र मधोमध नव्हत्या. ते बिघाड नव्हे म्हणाले, या जुन्या दुर्बिणीत नेम सुधारायला रेघाच सरकवतात. तेवढ्यात त्यांनी भावाला फोन लावला होता.

उन्हाळ्यात स्पर्धा झाली. सहाशे यार्डांवर यांच्या तीन गोळ्या कागदाबाहेर गेल्या. भाऊ म्हणतात, यांनी घाई केली. हे म्हणतात, भावाने सरोवरावरचा वारा चुकीचा सांगितला. भिंगाला मात्र दोघांपैकी कोणीच बोल लावला नाही.