विणलेली टोपी सुयांवर पूर्ण होत नाही

सतराव्या शतकातील इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या लढाया तेथील माळांवर आणि जुन्या गढ्यांच्या आवारांत आजही पुन्हा उभ्या करणारी जी हौशी मंडळी आहेत, त्यांच्या चिकाटीविषयी माझ्या मनात खरा आदर आहे. १९६८ साली स्थापन झालेली 'सील्ड नॉट' ही त्यांची एक नामांकित संस्था. बंदुकीची वात कशी वळलेली असावी, जोड्याला टाच किती असावी, अंगरख्याची बटणे कापडाची असावीत की धातूची, अशा बाबींवर ही माणसे तासन्‌तास वाद घालतात आणि प्रत्येक जिन्नस मूळ दस्तऐवजाशी ताडून पाहतात. मात्र डोक्यावरच्या विणलेल्या टोपीपाशी आले की पुष्कळांची ही सारी चिकित्सा एकाएकी थांबते. जाड, मऊ लोकर घ्यावी, जाड सुयांवर ढिले टाके घालून ती विणावी, काठाला दोन सुलट दोन उलट अशी पट्टी काढावी, शेंड्याला गोंडा लावावा, आणि कोणी हटकलेच तर सांगावे की, 'हाताने विणली आहे, लोकरीची आहे. त्या काळी तरी याहून निराळे काय होते?' हे उत्तर मी इतक्या वेळा आणि इतक्या आत्मविश्वासाने दिलेले ऐकले आहे की, त्याचा सविस्तर परामर्श घेणे आता भाग आहे.

त्या काळी याहून निराळे पुष्कळ होते. ज्या टोपीची नक्कल करण्याचा हा खटाटोप असतो ती मॉनमथ टोपी. वेल्सच्या सीमेवरील मॉनमथ गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही टोपी सैनिक, खलाशी आणि मजूर यांच्या डोक्यावर अनेक पिढ्या नांदली. परंतु वापरातली वस्तू झिजून नाहीशी होते या न्यायाने आज खात्रीची म्हणून दाखवावी अशी एकच टोपी शिल्लक आहे. सोळाव्या शतकातील ही टोपी मॉनमथच्याच संग्रहालयात जतन केलेली असून, कर्स्टी बकलंड या विदुषींनी १९७९ साली 'कॉस्च्यूम' या नियतकालिकात या टोपीवर आणि तिच्या व्यवसायावर जो प्रबंध लिहिला, तो या विषयाचा आजही पाया मानला जातो. टोपी तपकिरी आहे, दुपदरी जाड्याभरड्या लोकरीची आहे, गोल विणलेली व बिनशिवणीची आहे. तिचा काठ दुमडून दुहेरी केलेला आहे, काठाला एक लहानसा फासा आहे आणि शेंड्याला बोंडाएवढे बटण आहे. सबंध विणकाम सुलट टाक्यांचे. दोन सुलट दोन उलट अशी पट्टी तिला नाही, गोंडाही नाही. आणि या सर्वांपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, विणून झाल्यावर ती कुटून, मळून आटवलेली आहे.

सारा गैरसमज या शेवटच्या गोष्टीच्या अज्ञानातून जन्मलेला आहे. लोकरीच्या तंतूवर एका दिशेने वळलेले सूक्ष्म खवले असतात. कोमट पाणी आणि साबण किंवा तत्सम क्षार यांच्या साहाय्याने लोकर रगडली म्हणजे हे खवले परस्परांत अडकतात, तंतू जवळ ओढले जातात आणि पुन्हा सुटत नाहीत. आपल्याकडे मुळीच न विणता, नुसती लोकर पसरून, भिजवून व मळून जो बुरणूस करतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. टोपीकार हीच क्रिया विणलेल्या टोपीवर करी. म्हणूनच तो टोपी मुद्दाम मोठी विणे, आणि सुयांवरून उतरलेली ती ढगळ, लोंबती पिशवी पायांनी व हातांनी तुडवून, पुढे पाणचक्कीच्या हातोड्यांखाली घालून, टाके परस्परांत मिसळून जाईपर्यंत आटवी. त्यानंतर बोंडांच्या काट्यांनी तिच्यावर लव काढणे, ती लव कातरून सारखी करणे, साच्यावर चढवून आकार देणे, हे संस्कार होत. इतके सोसून जी वस्तू तयार होई तिच्यातून वारा शिरत नसे, पावसाची सर सहजासहजी झिरपत नसे आणि एक टाका तुटला म्हणून ती उसवत जात नसे. पहाऱ्यावर रात्र काढणाऱ्या सैनिकाला नेमके हेच हवे होते. सुयांवरून उतरलेली ढिली टोपी त्याच्या कामाची नव्हती, आणि ती विकायला आणण्याची हिंमतही त्या काळच्या कोणा टोपीकाराला झाली नसती.

हे माझे अनुमान आहे असे कोणास वाटत असेल, तर सरकारी दप्तरातील पुरावा रुजू करतो. १५७१ साली एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत इंग्लंडच्या संसदेने टोप्यांच्या धंद्याला आधार देण्यासाठी एक कायदा केला. त्या कायद्याच्या प्रस्तावनेत या एका धंद्यावर पोट भरणाऱ्या कारागिरांची जंत्रीच दिलेली आहे: लोकर पिंजणारे, कातणारे, विणणारे, लोकर निवडणारे, टोपी घट्ट करणारे, तुडवणारे, रंगवणारे, कातरणारे, दाबणारे, काठ बांधणारे, अस्तर लावणारे, असे एकंदर पंधरा पेशे. विणणारा हा त्या पंधरांपैकी एक. राहिलेल्या चौदांचे काम वजा करून जे उरते त्याला 'अस्सल ऐतिहासिक टोपी' म्हणण्याचा आग्रह जे धरतात, त्यांनी ही जंत्री एकदा तरी वाचावी. याहून मागे जायचे तर १४८३ च्या सुमारास, एडवर्ड चौथ्याच्या अंमलाच्या अखेरीस, टोप्या पाणचक्कीत न कुटता पूर्वीच्या शिरस्त्याप्रमाणे हातापायांनीच तुडवाव्यात असा कायदा झाला होता, कारण चक्क्यांमुळे तुडवणाऱ्यांची रोजी बुडत होती. टोपी आटवणे हा कोणा एखाद्या कारागिराचा लहरी प्रकार असता, तर त्यासाठी संसदेला कायदा करण्याची गरज पडली नसती.

तिसरा दाखला समुद्रापलीकडचा आहे. १६२९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या नव्या वसाहतीसाठी जो कपडालत्ता मागवण्यात आला, त्याच्या यादीत सुमारे २ शिलिंग नगाच्या शंभर मॉनमथ टोप्या आहेत आणि सुमारे ५ पेन्स नगाच्या पाचशे तांबड्या विणलेल्या टोप्या आहेत. आणि या स्वस्त तांबड्या टोप्यांपुढेही त्या 'चक्कीत कुटलेल्या' असाव्यात असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे पाच पेन्सांची सामान्य टोपीसुद्धा आटवल्यावाचून कोणी घेत नव्हते. याच यादीने आणखी एक समजूत मोडीत निघते. मॉनमथ टोपी ही दरिद्री माणसाची, जेमतेम डोके झाकण्यापुरती वस्तू होती असे सांगितले जाते. पण २ शिलिंग म्हणजे २४ पेन्स, अर्थात तांबड्या टोपीच्या जवळजवळ पाचपट. व्हर्जिनियाला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी कॅप्टन जॉन स्मिथ याने जी सामानाची यादी छापली, तिच्यातही मॉनमथ टोपीची किंमत १ शिलिंग १० पेन्स लावलेली आहे. ती कष्टकऱ्याची टोपी होती हे खरे, टाकाऊ नव्हती.

मग न आटवलेली टोपीच अस्सल, हा गैरसमज टिकतो कसा? याचे एक कारण मला असे दिसते की, आटवलेली टोपी पाहणाऱ्याला ती विणलेली आहे हेच कळत नाही. फ्रेंच सैन्यातील झुआव्ह पलटणींच्या डोक्यावर एकेकाळी असलेली तांबडी शेशिया पाहा. ती नमद्यातून कापून शिवली असावी असे कोणीही म्हणेल. वस्तुतः ट्युनिसमध्ये ही टोपी पांढऱ्या लोकरीने हातांनी, कितीतरी मोठ्या मापाची विणतात, ती आटवतात, काट्यांनी तिच्यावर लव काढतात आणि मग ती रंगवतात. तेथील जुन्या बाजारात हा धंदा आजही चालू आहे, आणि ज्याला अर्धवट माहितीवर विसंबायचे नाही त्याने त्याची चित्रे जरूर पाहावीत. विणकाम अदृश्य व्हावे यातच त्या कारागिराचे यश होते, आणि आमचे हौशी सैनिक मात्र तेच विणकाम अस्सलपणाचा दाखला म्हणून मिरवतात. दुसरे कारण जुन्या नमुन्यांचे: १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली वर काढलेल्या 'मेरी रोझ' या युद्धनौकेवर सापडलेल्या टोपीप्रमाणे जी टोपी शतकानुशतके चिखलात पडून राहिली, तिच्यावरची लव नाहीशी होऊन मागे नुसते टाके उरू शकतात. झिजलेल्या अवस्थेला मूळ अवस्था मानण्याची चूक येथे होते.

याच विषयाला लागून आणखी काही समजुती ऐकू येतात. त्यांचा परामर्श थोडक्यात घेतला तरी पुरे.

विणकाम हे बायकांचे घरकाम, सबब टोप्या घरोघर सैनिकांच्या आई-बहिणी विणत, असे म्हणतात. इंग्लंडमधील टोपीकारी हा संघटित, करारबद्ध उमेदवारीचा धंदा होता, आणि कॉव्हेंट्रीसारख्या शहरात टोपीकारांचा संघ नगराच्या उत्सवांत आपले स्वतंत्र नाटक सादर करण्याइतका मातबर होता.

मॉनमथ टोपी मॉनमथलाच होत असे, हेही पूर्ण खरे नाही. टॉमस फुलर याने १६६२ साली छापलेल्या ग्रंथात नोंदवले आहे की, मॉनमथला साथ आल्यावर हा धंदा वूस्टरशायरमधील ब्यूडली येथे गेला, नाव मात्र जुन्याच गावाचे राहिले. पुढे अठराव्या शतकात डॅनियल डिफोला या टोप्या ब्यूडलीत होताना आणि मुख्यतः डच खलाशांना विकल्या जाताना आढळल्या.

शेक्सपिअरच्या 'पाचवा हेन्री' या नाटकात एक वेल्श सरदार मॉनमथ टोपीचा उल्लेख करतो, म्हणून १३४६ च्या क्रेसीच्या किंवा १४१५ च्या अजिंकूरच्या सैनिकाला ती घालणारे लोक आहेत. नाटक १५९९ च्या सुमाराचे आहे; त्यातील उल्लेख नाटककाराच्या प्रेक्षकांना काय परिचित होते एवढेच सिद्ध करतो.

१५७१ च्या कायद्याने प्रत्येकाला मॉनमथ टोपी सक्तीची केली, हीही एक लोकप्रिय कथा. कायदा सहा वर्षांवरील सर्वांनी रविवारी व सणाच्या दिवशी इंग्लंडात बनलेली लोकरीची टोपी घालावी एवढेच सांगतो; घाट सांगत नाही, आणि उमराव व प्रतिष्ठित घरच्या स्त्रियांना त्यातून सूट देतो. कसूर करणाऱ्यास दिवसाला ३ शिलिंग ४ पेन्स दंड होता, आणि १५९७ मध्ये हा कायदा रद्दही झाला.

आपल्या परिचयाची माकडटोपी, जिला इंग्रजीत बालाक्लाव्हा म्हणतात, ती त्याच नावाच्या लढाईत इंग्रज घोडेस्वारांनी घातली होती असे समजणारे पुष्कळ आहेत. बालाक्लाव्हाची लढाई २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, थंडीचा खरा कडाका सुरू होण्यापूर्वी झाली. घरून विणून पाठवलेले गरम कपडे पुढच्या हिवाळ्यातले, आणि त्यांतही १४ नोव्हेंबरच्या वादळात बंदराबाहेरील जहाजांबरोबर सैन्याच्या गरम कपड्यांचा मोठा साठा बुडाला. टोपीला ते नाव छापील इंग्रजीत १८८० नंतर आढळते. त्या दिवशीच्या घोडदळाच्या हल्ल्याचे सोंग माकडटोपी घालून करू नये.

आता ज्यांना खरोखर विणायचे आहे त्यांच्याशी दोन शब्द. यंत्रात धुतली तरी आटणार नाही अशी ग्वाही देणारी लोकर घेऊ नका. तिचे खवले रसायनांनी झिजवलेले किंवा राळेच्या थराने झाकलेले असतात, आणि ती तुम्ही कितीही रगडली तरी आटणार नाही. साधी, प्रक्रिया न केलेली, थोडी भरड लोकर घ्या. आधी हातभर रुंदीचा नमुना विणून, गरम पाण्यात साबण लावून तो रगडा, आणि तो किती आटला हे मोजून त्या हिशेबाने टोपीचे माप मोठे धरा. काठ दुहेरी दुमडा, पट्टी काढू नका, गोंडा लावू नका. टाके दिसेनासे होईपर्यंत हात थांबवू नका, मग डोक्याच्या आकाराच्या भांड्यावर चढवून ती वाळू द्या. आणि ॲक्रिलिकची टोपी, ती कितीही सुबक विणलेली असो, बंदुकीच्या दारूजवळ डोक्यावर ठेवू नका: लोकरीवर ठिणगी पडली तर ती तेवढ्यापुरती करपते आणि सहसा आपोआप विझते, ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटते.